थ्रॉटल दिला की गाडी दबते: फ्युएल इंजेक्शनच्या मोटरसायकलमधला दोष कसा शोधावा

गाडी स्टार्ट होते, आयडलिंगही बरं असतं. पण गिअर टाकून थ्रॉटल दिला की क्षणभर काहीच होत नाही. इंजिन दबतं, एखादा झटका मारतं आणि मग अचानक उचल खातं. कधी हे फक्त गार इंजिनवर होतं, कधी गाडी तापल्यावर, कधी टाकी अर्धी रिकामी झाली की. गॅरेजमध्ये नेली की सगळ्यात आधी कानावर येतं, ‘इंजेक्टर साफ करून घ्या’ किंवा ‘सेन्सर गेलाय’. या दोन्ही गोष्टी होतात. पण जितक्या वेळा त्या सांगितल्या जातात, त्यामानाने फार कमी वेळा होतात. आधी लक्षण नीट पकडायचं, मग स्वस्त आणि सोप्या गोष्टी तपासायच्या आणि भाग बदलायचा तो सगळ्यात शेवटी, या क्रमाने गेलात तर बहुतेक दोष घरच्या हत्यारांनी सापडतात.

थ्रॉटल उघडल्यावर आत काय घडतं ते आधी समजून घ्या, पुढच्या तपासण्या त्यावरच उभ्या आहेत. थ्रॉटल बॉडीतली पाकळी उघडली की हवा तत्काळ आत शिरते. पेट्रोल मात्र ईसीयूने, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाने, हिशोब करून सोडायचं असतं. थ्रॉटल किती आणि किती वेगाने उघडला हे टीपीएस म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सर सांगतो. इनटेकमधला दाब मॅप सेन्सर सांगतो, इंजिनाचा वेग क्रँक सेन्सर, तापमान तापमानाचा सेन्सर. यावरून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरतं. शिवाय थ्रॉटल झटक्यात उघडला तर ईसीयू थोडं जादा पेट्रोल देतो, कारण फवाऱ्यातलं काही पेट्रोल इनटेकच्या भिंतींना चिकटून राहतं. शुद्ध पेट्रोलसाठी हवा आणि इंधनाचं रासायनिक प्रमाण वजनाने १४.७ ला १. जोर लागतो तेव्हा मिश्रण १२.५ ते १३ ला १ च्या आसपास घट्ट, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, लागतं. त्या अर्ध्या क्षणात मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) राहिलं की गाडी दबते.

पातळ मिश्रण हे एकच कारण नाही, हेही लगेच सांगून ठेवतो. थ्रॉटल उघडल्यावर सिलिंडरमधला दाब वाढतो आणि तेवढ्या दाबात ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. ठिणगीसाठी हे व्होल्टेज तयार करणारी कॉइल अशक्त असेल तर ती आयडलिंगला व्यवस्थित चालते आणि लोड आला की हात टेकते. इंधनाची कमतरता आणि ठिणगीची कमतरता सीटवर बसून जवळपास सारखीच जाणवते. म्हणून अंदाजावर भाग बदलणं महागात पडतं.

आधी लक्षण पकडा

हत्यारांना हात लावण्याआधी गाडी चालवून पाहा आणि नोंद करा. किती थ्रॉटलवर होतं? बंद स्थितीतून किंचित उघडताना, मधल्या भागात, की पूर्ण उघडल्यावर? ठरावीक आरपीएमवर होतं की कोणत्याही? इंजिन गार असताना की तापल्यावर? पावसात किंवा गाडी धुतल्यावर? पेट्रोल भरल्यानंतर लगेच? नुकतीच सर्व्हिस झाली, बॅटरी बदलली, सायलेन्सर बदलला, अलार्म किंवा जादा दिवे बसवले असं काही झालंय का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर तपास तिथूनच सुरू करा.

उत्तरांवरून दिशा मिळते. फक्त आयडलिंग आणि किंचित थ्रॉटलवर अडखळते आणि पूर्ण थ्रॉटलला छान पळते, तर इनटेकमधला एअर लीक, घाण झालेली थ्रॉटल बॉडी, टीपीएसमधली सुरुवातीच्या भागात झिजलेली पट्टी किंवा जास्त आवळलेला टॅपेट (व्हॉल्वपाशी ठेवायची फट कमी झालेली) असे संशयित. आयडलिंग उत्तम पण जोर मागितला की धापा टाकते, तर पंप, फिल्टर, प्लग, कॉइल. पंधरावीस मिनिटं छान चालून मग बंद पडते आणि थोडं थांबलं की पुन्हा सुरू होते, तर टाकीच्या झाकणाचं हवाछिद्र, तापल्यावर गळपटणारा क्रँक सेन्सर किंवा पंप. खड्ड्यावरून जाताना किंवा हँडल वळवताना क्षणभर जाते, तर वायरिंग. इथे सेन्सरांचा विचारही करू नका.

टॅकोमीटरवर एक नजर ठेवा. इंजिन अजून फिरत असताना काटा एकदम शून्यावर पडून परत वर येत असेल तर क्रँक सेन्सरचा सिग्नल किंवा ईसीयूचा वीजपुरवठा तुटतोय. काटा इंजिनाच्या आवाजाबरोबर हळूहळू खाली येत असेल तर बहुतेक वेळा इंधन कमी पडतंय. डिजिटल मीटर थोडे आळशी असतात, त्यामुळे हा पक्का पुरावा मानू नका. पण डॅशबोर्डचे दिवेही त्याच क्षणी लुकलुकले किंवा की ऑन केल्यावर होणारी मीटरची स्व-तपासणी चालता-चालता पुन्हा झाली, तर मुख्य पुरवठाच तुटतोय हे नक्की.

काही झटके दोष नसतातच. उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद केला की ईसीयू इंधन पूर्ण तोडतो. परत किंचित उघडताना इंधन सुरू होतं त्या वेळी बारीक धक्का बसतो. अनेक गाड्यांत तो कारखान्यातूनच असतो. चेन ढिली असेल तर हाच धक्का दुप्पट जाणवतो. थ्रॉटल केबलमध्ये मोकळेपणा जास्त असेल तर मूठ फिरते पण पाकळी हलत नाही. बहुतेक गाड्यांत हा मोकळेपणा मुठीच्या कडेला २ ते ६ मिलिमीटर इतका असावा. आणि थ्रॉटल दिल्यावर आरपीएम चढतो पण गाडी पुढे सरकत नाही, तर इंजिनाचा काही गुन्हा नाही, क्लच प्लेट घसरताहेत. चेन, केबल आणि क्लच या तिन्ही गोष्टी दहा मिनिटांत तपासून होतात.

बॅटरी आणि अर्थ

कार्ब्युरेटरची गाडी अर्धमेल्या बॅटरीवर किक मारून चालून जायची. इंजेक्शनच्या गाडीत पंप, इंजेक्टर, ईसीयू, कॉइल सगळे विजेवर. व्होल्टेज घसरलं की पंप हळू फिरतो आणि इंजेक्टर उघडायला उशीर करतो. ईसीयू बॅटरीचं व्होल्टेज मोजून हा उशीर भरून काढतो, पण तो मोजतो स्वतःपाशी पोहोचलेलं व्होल्टेज. इंजेक्टरच्या वायरीतच गंज असेल तर त्याला ते कळत नाही आणि मिश्रण पातळ होतं. ईसीयू दोषाचा कुठलाही कोड नोंदवत नाही.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगली चार्ज झालेली लेड-अॅसिड बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. स्टार्टर मारताना व्होल्टेज १० च्या खाली जाऊ नये. इंजिन सुरू करून आरपीएम थोडा वाढवल्यावर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. १३ च्या खाली राहिलं किंवा १५ च्या वर गेलं तर आधी रेग्युलेटर आणि स्टेटर, म्हणजे चार्जिंगची यंत्रणा, बघा, बाकी तपास थांबवा.

मग व्होल्टेज ड्रॉप मोजा. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक प्रोब आणि इंजिनाच्या उघड्या धातूवर दुसरा, इंजिन चालू ठेवून. आकडा ०.२ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणारी जोडणी, खराब आहे. तसंच बॅटरीचा पॉझिटिव्ह आणि पंपाच्या कपलरमधली पुरवठ्याची वायर यांच्यामध्ये पंप चालू असताना मोजा. इथे अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक म्हणजे वाटेत रिले, फ्यूजचा होल्डर किंवा इग्निशन स्विच खातोय. वायर जोडलेली आहे का हे कंटिन्युइटीचा बीप सांगतो, ती करंट वाहू शकते का हे सांगत नाही. एका तारेवर टिकलेली वायरही बीप देते. म्हणून ड्रॉप टेस्ट.

साइड स्टँडचा स्विच, क्लचचा स्विच आणि किल स्विच हे तिघे छुपे खलनायक आहेत. चिखल आणि पाण्यात राहणारा साइड स्टँडचा स्विच खड्ड्यावर क्षणभर ‘स्टँड खाली आहे’ असं सांगतो आणि इंजिन बंद पडतं. गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवून या तिघांच्या वायरी बोटांनी हलवून बघा. स्टीअरिंगपाशी वळणारा वायरिंगचा जुडगा हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून तपासा.

चेक इंजिनचा दिवा

दिवा पेटलेला असेल किंवा कधी पेटून गेला असेल तर कोड वाचा. जुन्या इंजेक्शन गाड्यांत डायग्नोस्टिक कपलरच्या ठरावीक दोन पिना जोडल्या की दिवा लुकलुकून कोड सांगतो. काही कंपन्यांच्या पद्धतीत लांब लुकलुक म्हणजे दहा आणि छोटी म्हणजे एक, त्यामुळे एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे १२. कोणत्या पिना आणि कोणता कोड हे त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच बघा, चुकीच्या पिना जोडून ईसीयू जाळणं सोपं आहे. नव्या गाड्यांत बहुधा सीटखाली सहा पिनांचं कपलर असतं. त्याला अॅडॅप्टर लावून गाडीतले कोड वाचणारा साधा ओबीडी स्कॅनर चालतो. पी०१२२ म्हणजे टीपीएसचं व्होल्टेज कमी, पी०१०७ म्हणजे मॅप सेन्सरचं कमी, पी०२०१ म्हणजे पहिल्या इंजेक्टरचं सर्किट, पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट, पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ.

‘सर्किट’ या शब्दाकडे लक्ष द्या. पी०१२२ आला म्हणून टीपीएस विकत आणू नका. सेन्सर, त्याच्या तीन वायरी, कपलरच्या पिना आणि ईसीयूचा पाच व्होल्टचा पुरवठा यांपैकी कुठेही बिघाड असला तरी हाच कोड येतो. कपलर काढा, हिरवट गंज किंवा मागे सरकलेली पिन दिसते का बघा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, परत बसवा, कोड पुसा, चालवा. बऱ्याच ‘सेन्सर गेलेल्या’ गाड्या इथेच बऱ्या होतात.

उलट, कोड नाही म्हणून सेन्सर ठीक आहेत असंही नाही. ठरलेल्या मर्यादेच्या आत राहून चुकीची किंमत सांगणाऱ्या सेन्सरवर ईसीयू निमूटपणे विश्वास ठेवतो. ते पुढे येईलच.

पेट्रोल: टाकीपासून इंजेक्टरपर्यंत

कामाला लागण्याआधी: मोकळ्या हवेत काम करा, जवळ ठिणगी किंवा ज्योत नको, अग्निशामक हाताशी ठेवा. इंजेक्शनच्या पाइपमध्ये साधारण तीन बार दाब असतो. पाइप काढण्याआधी पंपाचं कपलर सोडवून इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालवा, मग दाब उतरतो. तरीही जोडावर फडकं धरूनच पाइप काढा.

गाडी महिनोन्‌महिने उभी होती का? जुन्या पेट्रोलला वार्निशसारखा आंबूस वास येतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी धरून ठेवतं आणि पाण्याचं प्रमाण मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी वेगळे होऊन तळाशी बसतात. पंप नेमका तिथूनच खेचतो. टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून ठेवा. काही वेळाने दोन थर दिसले तर टाकी रिकामी करून स्वच्छ करण्याला पर्याय नाही. अॅडिटिव्हच्या बाटलीने हे सुटत नाही.

झाकणाचं हवाछिद्र तपासायला काहीच लागत नाही. गाडी दमायला लागली की सुरक्षित जागी थांबून झाकण उघडा. ‘सूंऽऽ’ असा हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि लगेच गाडी नीट चालली, तर दोष सापडला. टाकीखालून जाणारी ब्रीदरची नळी चिमटली गेली असली तरी हेच होतं. टाकी तोंडापर्यंत भरायची सवय असेल आणि पेट्रोल भरल्यावर लगेचच गाडी अडखळत असेल, तर पेट्रोलच्या वाफा साठवणाऱ्या कॅनिस्टरमध्ये पेट्रोल शिरलं असण्याची शक्यता आहे. ते पर्ज व्हॉल्वमधून इनटेकमध्ये ओढलं जातं आणि मिश्रण बेहिशोबी घट्ट होतं.

की ऑन केल्यावर पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. आवाज आलाच नाही तर फ्यूज, रिले, किल स्विच. आवाज नेहमीपेक्षा उंच, किरकिरा असेल तर पंपाची जाळी चोंदलेली असू शकते. पण आवाज चांगला आहे म्हणून दाब चांगला आहे असं मानू नका. पंप आणि इंजेक्टरच्या मध्ये टी-जोड लावून प्रेशर गेज बसवा. मॉडेलनुसार आकडा बदलतो, पण बहुतेक मोटरसायकलींत तो २.५ ते ३.५ बारच्या दरम्यान असतो. कितीतरी गाड्यांचं मॅन्युअल २९४ किलोपास्कल, म्हणजे जवळपास ४३ पीएसआय, असं सांगतं.

आयडलिंगचा आकडा बघून समाधान मानू नका, कारण आयडलिंगला इंधन थेंबभर लागतं आणि मरायला टेकलेला पंपही तेवढं देतो. थ्रॉटल झटक्यात देऊन काटा बघा. शक्य असल्यास गेजची नळी नीट बांधून आणि कुठे गरम भागाला लागत नाही हे पाहून मोकळ्या जागेत थोडी गाडी चालवा. लोडवर काटा खाली घसरत असेल तर जाळी, फिल्टर किंवा पंप. अनेक गाड्यांत हे सगळं टाकीतल्या एकाच असेंब्लीत असतं आणि कंपनी ती अख्खी बदलायला सांगते. त्याआधी पंपाच्या कपलरवर व्होल्टेज ड्रॉप मोजलाय ना, हे परत एकदा पाहा. इंजिन बंद केल्यावर दाब काही वेळ टिकायला हवा. लगेच शून्यावर आला तर पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व किंवा टपकणारा इंजेक्टर. अशी गाडी स्टार्ट व्हायला वेळ घेते.

हवा

एअर फिल्टर काढून बघा. पूर्ण चोंदलेला फिल्टर वरच्या आरपीएमला गाडी दाबतो. पण त्याहून जास्त त्रास देतो तो नीट न बसवलेला एअरबॉक्स आणि इंजिनाच्या बाजूची इनटेकची रबरी नळी. तिला बारीक चिरा पडतात किंवा सर्व्हिसनंतर क्लॅम्प ढिला राहतो. तिथून आत येणारी हवा थ्रॉटल बॉडीच्या पलीकडून येते, म्हणजे टीपीएसच्या हिशोबात ती नसतेच. आयडलिंगला एकूण हवा थोडी असते, म्हणून तेव्हा हा लीक जास्त जाणवतो. थ्रॉटल पूर्ण उघडला की तो नगण्य होतो.

तपासणी अशी: इंजिन आयडलिंगला ठेवून स्प्रे बाटलीने रबराच्या जोडांवर पाण्याचे बारीक फवारे मारा. आवाज बदलला किंवा इंजिन क्षणभर अडखळलं तर चीर तिथे आहे. बरेच जण इथे कार्ब क्लीनर मारतात. त्याने आरपीएम ठळकपणे बदलतो हे खरं, पण तापलेल्या सायलेन्सर पाइपशेजारी ज्वलनशील फवारा मारण्याची हौस मला नाही. पाण्याने भागतं. रबर हाताने वाकवून खालची बाजूही बघा, चिरा बहुतेक तिथेच लपलेल्या असतात.

मॅप सेन्सरची नळी असेल तर तीही बघा. लहान गाड्यांत ती बोटभर लांब आणि पेन्सिलीहून बारीक असते, त्यामुळे दुर्लक्षित राहते. ती निसटली किंवा चिरली की ईसीयूला सतत वातावरणाचा दाब दिसतो, म्हणजे थ्रॉटल उघडा आहे असं वाटतं, आणि मिश्रण घट्ट होतं. कॅम सेन्सर नसलेल्या अनेक सिंगल सिलिंडर गाड्यांत कोणता स्ट्रोक चालू आहे हेही ईसीयू या दाबाच्या हेलकाव्यावरून ओळखतो, त्यामुळे परिणाम आणखी गोंधळाचा. स्कॅनर असेल तर की ऑन, इंजिन बंद अशा स्थितीत मॅपची किंमत बघा. समुद्रसपाटीला ती १०१ किलोपास्कलच्या जवळ असावी आणि दर हजार मीटर उंचीला साधारण ११ ते १२ ने कमी व्हावी.

थ्रॉटल बॉडीत पाकळीच्या कडेला काळा थर बसतो. तो असला की बंद स्थितीतून उघडतानाची पहिली हवा बेभरवशाची होते. सफाई करताना थ्रॉटल बॉडी क्लीनर फडक्यावर घेऊन पुसा, स्क्रॅपर किंवा तारेचा ब्रश नको, कारण काही बॉडींना आतून विशेष थर दिलेला असतो. राइड-बाय-वायर (केबलऐवजी मोटरने पाकळी हलवणाऱ्या) गाडीत की ऑन असताना पाकळी बोटाने ढकलू नका. आणि रंगाचा ठिपका लावलेला तो स्टॉप स्क्रू: त्याला हात लावू नका. तो कारखान्यात सेट केलेला असतो आणि टीपीएसचा शून्यबिंदू त्यावरच ठरतो. आयडलिंगची हवा स्टेपर मोटर किंवा व्हॉल्व सांभाळत असेल तर त्याची वाटही साफ करा. दोन किंवा जास्त सिलिंडरच्या गाडीत थ्रॉटल बॉडींचं सिंक्रोनायझेशन व्हॅक्यूम गेजवर जुळवणं हे वेगळं काम आहे, पण खालच्या आरपीएमचा अडखळा त्याने आश्चर्यकारक सुधारतो.

ठिणगी

प्लग काढा. पांढराफटक आणि फोड आलेला असेल तर मिश्रण पातळ किंवा जास्त उष्णता. कोरडी काजळी असेल तर घट्ट मिश्रण. तेलकट असेल तर रिंग किंवा व्हॉल्व सील. गॅप मॅन्युअलप्रमाणे, बहुधा ०.७ ते ०.९ मिलिमीटर. झिजून गॅप वाढला की कॉइलला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. नवा प्लग घालताना नंबरातलं ‘आर’ अक्षर तपासा, ते आत रेझिस्टर असल्याची खूण आहे. बिनरेझिस्टरचा प्लग बसवला तर विजेचा गोंगाट ईसीयूपर्यंत पोहोचतो आणि अशी विचित्र लक्षणं दिसतात की माणूस भलत्याच भागांच्या मागे लागतो.

प्लगची कॅप आणि जाड वायर अंधारात बघा. इंजिन चालू ठेवून कॅपभोवती पाण्याचा हलका फवारा मारा, हात दूर ठेवा. निळसर ठिणगी बाहेर उडताना दिसली तर कॅप किंवा वायर फुटली आहे. पावसातच अडखळणाऱ्या गाडीत ही पहिली तपासणी करा.

कॉइलचा रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजता येतो, पण त्यावर फार विसंबू नका. गार असताना बरोबर आकडा देणारी कॉइल तापल्यावर आतून गळते आणि मल्टिमीटरच्या इवल्याशा व्होल्टेजला ते दिसत नाही. दोन सिलिंडरच्या गाडीत दोन्ही कॉइल एकसारख्या असतील तर अदलाबदल करा, मिसिंग (पेट न घेणं) दुसऱ्या सिलिंडरवर गेलं तर पुरावा मिळाला. कोणतं सिलिंडर मार खातंय हे इन्फ्रारेड थर्मामीटरने कळतं: गार इंजिन सुरू करून दोन्ही एक्झॉस्ट पाइपांचं तापमान बघा, मागे राहिलेलं ते आळशी.

टीपीएस, आणि बाकीचे सेन्सर

अडखळ्याच्या तक्रारीत सगळ्या सेन्सरांत टीपीएसला मी पहिला मान देतो. जुन्या पद्धतीच्या टीपीएसमध्ये कार्बनची पट्टी आणि तिच्यावर घासणारा ब्रश असतो. गाडी बहुतेक वेळ थोड्याशाच थ्रॉटलवर चालते, त्यामुळे पट्टी तिथेच झिजते. ब्रश त्या जागेवरून जाताना सिग्नल क्षणभर पडतो आणि ईसीयूला वाटतं थ्रॉटल बंद केला.

की ऑन, इंजिन बंद. कपलर जोडलेलं राहू द्या, मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून सिग्नलची वायर गाठा, काळा प्रोब सेन्सरच्याच अर्थवर. थ्रॉटल बंद असताना अंदाजे ०.५ ते ०.७ व्होल्ट, पूर्ण उघडल्यावर ४ ते ४.५ च्या आसपास. पुरवठ्याची वायर पाच व्होल्ट दाखवायला हवी. आता थ्रॉटल अतिशय सावकाश उघडा. आकडा एकसारखा चढत गेला पाहिजे. मध्येच घसरला, उडी मारली किंवा अडकला तर पट्टी गेली. डिजिटल मल्टिमीटर मंद असतो, म्हणून आकड्याखाली हलणारी पट्टी (बार) असलेला किंवा किमान-कमाल नोंदवणारा मीटर घ्या आणि पहिल्या पाव भागात तीन-चारदा पुढे-मागे करा. सेन्सरवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करूनही बघा. नव्या गाड्यांत बिनस्पर्शाचे हॉल सेन्सर असतात, ते झिजत नाहीत, तिथे कपलर आणि वायरीच बघायच्या.

तापमानाचा सेन्सर हा खोटं बोलण्यात पटाईत. इंजिन तापलेलं असताना तो ‘गार आहे’ सांगत राहिला तर ईसीयू पेट्रोल ओततच राहतो: प्लग काळा, वास पेट्रोलचा, तापल्यावर गाडी जड. हा थर्मिस्टर असतो, तापमान वाढलं की रेझिस्टन्स कमी होतो. अनेक गाड्यांत २० अंश सेल्सिअसला २ ते ३ किलोओहम आणि ८० अंशाला ०.३ किलोओहमच्या आसपास. सोपी युक्ती: रात्रभर उभ्या गाडीत स्कॅनरवर इंजिनाचं आणि इनटेकच्या हवेचं तापमान जवळपास सारखंच दिसायला हवं. पंधरा अंशांचा फरक असेल तर दोघांपैकी एक खोटा.

ऑक्सिजन सेन्सरला लोक फार लवकर दोष देतात. साधा सेन्सर तापल्यावर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान खालीवर होत राहतो. पण जोरात थ्रॉटल दिला की ईसीयू त्या क्षणी त्याच्याकडे बघतच नाही, आपल्यात साठवलेल्या तक्त्यावरून इंधन देतो. त्यामुळे एकसारख्या वेगात चालताना गाडी हेलकावे खात असेल तर या सेन्सरवर संशय घ्या, थ्रॉटल दिल्याबरोबर दबत असेल तर बहुधा नाही. सायलेन्सरच्या जोडातून लीक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवतो. सेन्सर बदलण्याआधी गॅस्केट बघा.

क्रँक सेन्सर तापल्यावर दगा देतो आणि थंड झाला की साळसूद होतो. गाडी बंद पडल्या क्षणी स्टार्टर मारा. ठिणगी आणि इंजेक्टरचा टिकटिकाट दोन्ही गायब आणि टॅकोमीटर हलत नाही, तर हाच.

इंजेक्टर, टॅपेट आणि उरलेलं

आता इंजेक्टर. इंजिन चालू असताना लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून कान लावला की एकसारखी टिकटिक ऐकू यावी. कॉइलचा रेझिस्टन्स बहुतेक मोटरसायकलींत १० ते १६ ओहम. हे दोन्ही ठीक असूनही फवारा वाकडा असू शकतो, ते तपासणीच्या बेंचवर लावूनच कळतं. जुनं पेट्रोल टाकीत राहिलेली किंवा गाळ ओढलेली गाडी असेल तर अल्ट्रासॉनिक सफाईचा फायदा होतो. प्रत्येक सर्व्हिसला इंजेक्टर साफ करणं मात्र मला पटत नाही. काढून पुन्हा बसवताना ओ-रिंग चिरली तर नसलेला एअर लीक तयार होतो. काढलाच तर ओ-रिंग नव्या घाला.

इतकं करूनही गाडी दबतेय तर इंजिनाच्या आत बघा. टॅपेट आवळले गेले की तापलेल्या इंजिनात व्हॉल्व पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं. अशा गाडीत टॅपेटचा आवाज कमी झालेला असतो, म्हणून मालक खूष असतो. क्लिअरन्स गार इंजिनवर फीलर गेजने मोजा. कॉम्प्रेशन मोजताना इंजेक्टर आणि कॉइलचे कपलर काढून ठेवा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा, नाहीतर आकडा खोटा कमी येतो.

सायलेन्सर किंवा फिल्टर बदलल्यापासून त्रास असेल तर भाग तपासण्यात वेळ घालवू नका. ईसीयूतला इंधनाचा तक्ता जुन्या हवेच्या प्रवाहासाठी लिहिलेला आहे. मूळ भाग परत बसवून बघा. त्रास गेला तर एकतर तेच ठेवा किंवा डायनोवर (गाडी जागेवर चालवून मोजणाऱ्या यंत्रावर) रीमॅप, म्हणजे तक्ता नव्याने लिहून घ्या. ऑक्सिजन सेन्सरच्या जागी रेझिस्टर बसवणारे ‘उपाय’ दूर ठेवा.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोष जिथे दिसत होता त्याच परिस्थितीत गाडी चालवून बघा: तेवढीच तापलेली, तोच गिअर, टाकीत तितकंच पेट्रोल. बॅटरी काढली, थ्रॉटल बॉडी साफ केली किंवा टीपीएस बदलला असेल तर मॅन्युअलमधली आयडल किंवा थ्रॉटल रीसेटची पद्धत करा. ती न करता घेतलेली टेस्ट राइड काही सांगत नाही.

अधूनमधून येणारा दोष गॅरेजमध्ये उभ्या गाडीत सापडत नाही. किमान-कमाल नोंदवणारा मल्टिमीटर संशयित वायरीला जोडून टाकीवर किंवा सीटखाली बांधा, चालवून या आणि थांबल्यावर नोंद वाचा. पंपाच्या पुरवठ्याचा किमान आकडा ९ व्होल्ट निघाला की पुढचं शोधणं तासाभराचं काम उरतं. स्कॅनरवर रेकॉर्डिंगची सोय असेल तर टीपीएस, मॅप, बॅटरी व्होल्टेज आणि आरपीएम एवढ्याच चार ओळी नोंदवा. जास्त ओळी मागितल्या की नमुने विरळ होतात आणि क्षणभराचा झटका त्यांच्या मधून निसटतो.

ईसीयूच बिघडलाय असं कुणी म्हटलं तर आधी त्याच्या कपलरमधले पुरवठ्याचे आणि अर्थचे पिन लोडवर तपासून घ्या. ईसीयू क्वचित मरतो आणि मेलाच तर बहुधा चुकीच्या जोडणीने किंवा पाण्याने. दुसऱ्या गाडीचा ईसीयू लावून बघायचा असेल तर दोन्ही गाड्यांचं मॉडेल आणि भाग क्रमांक एकच हवेत. इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत तेवढ्यानेही भागत नाही: चावीची नोंद त्या ईसीयूत नसल्याने गाडी स्टार्टच होत नाही आणि ते पाहून जुना ईसीयू चांगला की वाईट हे ठरवता येत नाही.